पिराच्या राईतली बी

सनंदज,
४ ऑगस्ट १९९७

ती. हेमिनदादास,
शेंडेफळाचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र मिनीबसवाल्या रहमानकडून मिळालं. सोबतचं दहीही मिळालं, पण ते टपावरच्या उन्हात फुगून पत्रावर सांडलं, त्यामुळे अर्ध्या ओळी मी वासावरून वाचल्या. चिमनवहिनीला दिवस गेल्याची ओळ तेवढी स्वच्छ राहिली होती. तिला म्हणावं, आता सहा महिने दादाकडून पाय दाबून घे, ही संधी पुन्हा पुन्हा येत नाही.

आता कामाचं, आणि काम मोठं आहे. काल आमच्या रोपवाटिकेच्या कचेरीत वनखात्याच्या साहेबांबरोबर बैठक झाली. आपल्या गावावरच्या उघड्या डोंगरावर त्यांना पाइन लावायचे आहेत. रोपं तयार, तारेचं कुंपण तयार. पाइन भराभर वाढतो, बारा महिने हिरवा दिसतो आणि वरच्या साहेबांना गाडीतून न उतरताही दाखवता येतो. माझ्याच्याने राहवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं की साहेब, तो डोंगर उघडा नाही, तो आमच्या वडिलांचा तिसरा वाटा आहे.

तुला हे सांगायला नको, पण त्यांना मी पहिल्यापासून सांगितलं. आपल्या ओकांचे आजोबांनी तीन वाटे केले होते. एका साली एका वाट्याची पानं शेळ्यांच्या हिवाळ्यासाठी तोडायची, दोन वाटे विसावू द्यायचे. इराकशी युद्ध झालं त्या साली तिसरा वाटा जळाला, आणि उरलेले बुंधे त्या थंडीत गावाने उपटून चुलीत घातले. त्या चुलींत आपलीही होती. तेव्हापासून दर तिसऱ्या हिवाळ्याआधी बाबा शेळ्या विकायला बानेच्या बाजारात जायचे आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. एरवीही त्यांना बोलायचा कंटाळाच होता म्हणा. हाक मारायच्या ऐवजी अक्रोड फेकून मारायचे. माझ्या पाठीवर अजून एखादा वळ असेल.

पाइनचं पान शेळी खात नाही. कुंपण पडलं की तिसरा वाटा कायमचा गेला. शेवटी मी इतका वाद घातला की साहेबांनी हात टेकले. बर्फ पडायच्या आत आम्ही त्या डोंगरावर ओक पेरायचे आणि वसंतात ते उगवलेले दाखवायचे. उगवले तर डोंगर ओकाचा, नाही तर पाइनचा ट्रक निघाला.

बी आपल्याच दरीतली हवी, आपल्या थंडीत वाढलेल्या झाडांची. आणि तिथेच घोडं अडतं. आपल्या डोंगरी ओकाची बी पिकायला दोन वर्षं घेते, आणि आपण दर तीन वर्षांनी फांद्या छाटतो. झाडाला सवड कधी मिळणार? कधीच कुऱ्हाड न लागलेली झाडं आपल्याकडे एकाच ठिकाणी आहेत, पिराच्या राईत. तेव्हा दादा, आत्याला विचार. गोडीत विचार, आणि ती लोणी काढत असताना विचारू नकोस, हाताशी काठी असते.

तुझ्याशी भांडायला सध्या लांब असलेली,
शिलान

लोभ आहेच. दह्यापेक्षा तोच टिकतो.


दारेशीन,
१९ ऑगस्ट

चि. शिलानला दादाचे आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र झाडावर बसून लिहितो आहे, म्हणून अक्षर हिंदकळतंय. यंदा पहिल्या वाट्याची पाळी. सकाळपासून फांद्या तोडतोय, चिमन खाली उभी राहून कुठली तोडू आणि कुठली नको ते सांगते. तिला विश्रांती घे म्हटलं तर म्हणते, तू झाडावर असताना मला विश्रांतीच असते. पानांच्या पेंढ्या बेचक्यांत रचून ठेवल्या आहेत. लांबून पाहिलं तर प्रत्येक झाडाने फेटा बांधल्यासारखं दिसतं.

आत्याला विचारलं. तू सांगितलंस ते सगळं पाळलं, तरी ती लोणीच काढत होती. ती दुसरं काही करते तरी कधी? चामड्याची पखाल घुसळता घुसळता थांबली, आणि मग अर्धा तास मी ऐकत होतो आणि लोणी विरघळत होतं. राईतली काडीसुद्धा बाहेर जात नाही हे तुला शाळेत शिकवलं नाही का, असं तुला विचारायला सांगितलंय. नांगराला राईतली फांदी वापरली त्या माणसाचा बैल आठवड्यात मेला. दातात अडकलेलं मटण काढायला कुणी पावण्याने तिथली काडी मोडली, त्याचा तो दात पडला, आणि शेजारचेही दोन. (हा पावणा दर वर्षी एकेक दात जास्त गमावतो. माझ्या लहानपणी एकच पडला होता.) ती म्हणाली, तुझा बाप तिथे झोपलाय, तुझी आजी तिथे झोपलीये, त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढून सरकारला द्यायचं?

तू सनंदजला ओकांवर पुस्तकं वाचतेस, पण या गावात राईच्या बाबतीत गुलअंदाम आत्याचा शब्द शेवटचा. पिराची जागा झाडायची ती, दर गुरुवारी मेलेल्यांच्या नावाने हलवा वाटायचा तो तिने. मशिदीत नमाज पढवणारे मामोस्तासुद्धा तिला बघून रस्ता बदलतात. मीही जास्त ताणलं नाही. खरं सांगू, मलाही राईतून बी उचलायची हिंमत होणार नाही. बाबांच्या कबरीवरून काहीतरी खिशात घालून निघायचं, हे माझ्या हातून व्हायचं नाही.

पण निराश होऊ नकोस. दुसऱ्या वाट्याच्या टोकाला कड्यावर जे ओक लोंबकळतात, तिथे कुणाचीच कुऱ्हाड पोचत नाही. कंबरेला दोर बांधून उतरतो. बी तुला मिळेल, एवढं माझ्यावर सोड.

चिमन तुला सलाम सांगते. माया कमी करू नये.

तुझा,
हेमिन


सनंदज,
१० सप्टेंबर

ती. गुलअंदाम आत्यास,
भाचीचा हाताचं चुंबन घेऊन सलाम, वि. वि.

दादा हे तुला मोठ्याने वाचून दाखवेल. त्याने मधलं काही गाळलं तर तुला कळेलच, कारण तो खोटं बोलताना कान खाजवतो.

आत्या, तुझा राग मला मान्य. पण एक शंका आहे. राईतल्या खारी दर वर्षी ओकाच्या बिया गालांत भरून बाहेर नेतात आणि कुठे कुठे पुरून ठेवतात. निम्म्या विसरतात आणि त्यांची झाडं होतात. आपल्या दरीतले कितीतरी ओक खारींनीच लावलेले आहेत. पीर त्यांना काही करत नाही. एकाही खारीचा दात पडल्याचं मी पुस्तकात वाचलेलं नाही. मग माझ्यावरच का रागावेल? मी तर विसरणारही नाही.

तो डोंगर तुझ्या भावाचा होता. रिकाम्या डोंगराकडे पाठ करून तो अंगणात बसायचा, हे तू माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंयस. तिथे पाइन उभे राहिलेले मला बघवणार नाहीत, आणि तुलाही नाहीत.

रागातही जेवढी माया उरली असेल तेवढी असू दे.

तुझी,
शिलान


दारेशीन,
९ ऑक्टोबर

चि. शिलानला अनेक आशीर्वाद, वि. वि.

आधी आत्याचं उत्तर. ती म्हणाली, खार नमाज पढत नाही, रोजा ठेवत नाही आणि कयामतीच्या दिवशी तिला कुणी हिशेब विचारणार नाही. पोरीला शेपूट फुटलं की मग बोलू. मात्र डोंगराकडे पाठ करून बसण्याचं मी वाचलं तेव्हा ती उठून आत गेली, आणि बराच वेळ कपबशा धूत राहिली. धुतलेल्याच होत्या.

आता आनंदाची बातमी. कड्यावरून तीन पोती बी उतरवली. माझ्या गुडघ्यांची सालं आणि एक चप्पल कड्यालाच अर्पण केली. चिमनने तर कमाल केली बघ. मी आणल्या तशा बिया ओल्या होत्या, तिला म्हटलं या कुजतील. तिने सगळ्या गच्चीवर पसरल्या. आपण जर्दाळू सुकवतो ना, अगदी तशा. जवळजवळ दोन आठवडे दिवसातून तीनदा हाताने परतल्या, पाखरं हाकलली, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकल्या. आता हातात घेऊन हलवल्या तर खुळखुळ वाजतात. एकीलाही बुरशी नाही. अशा बिया तुझ्या साहेबांच्या बापानेही पाहिल्या नसतील.

पोती रहमानच्या बसने आजच पाठवतो. या वेळी दही नाही. पावती म्हणून चिमनचं कौतुक करणारी चार वाक्यं पाठव, घरात शांतता राहील.

तुझा कृतार्थ दादा,
हेमिन

माया वाढत राहो.


सनंदज,
१३ ऑक्टोबर

ती. दादास सलाम, वि. वि.

हे पत्र वहिनीसमोर वाचू नकोस.

पोती पोचली. हात घातला आणि तो खुळखुळाट ऐकूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी मनाची समजूत म्हणून हौदात ओतल्या. जिवंत बी जड असते, ती तळाशी जाते. मेलेली तरंगते. दादा, हौदाचं पाणी दिसेना, इतक्या तरंगल्या. मी बाह्या वर करून तळ चाचपला. हाताला नुसती वाळू लागली.

ओकाची बी म्हणजे जर्दाळू नव्हे रे. ती वाळली की मेली. झाडावरून पडल्यापासून तिला ओल लागते, म्हणून तर खार ती पुरते. आपल्या गावात जे जे घरात येतं ते आपण गच्चीवर वाळवतो, टोमॅटो, वांगी, पुदिना, दह्याचे गोळे. मला माहीत असायला हवं होतं की तुम्ही हेच कराल. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं हे कुणालाही माहीत असतं. काल आधी मी तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर, मग वहिनीने उन्हात वाकून तीन तीनदा परतलेल्या त्या बिया आठवल्या आणि रडायला आलं. पोटुशी बाई, आणि एवढी माया करून मारल्या.

कडा आता रिकामा असणार. दुसरीकडची बी साहेब मानणार नाहीत, कारण आपल्याच दरीची बी हवी हा हट्ट मीच धरला होता. महिनाअखेर त्यांना उत्तर द्यायचं आहे. काय देणार? ट्रक पाठवा म्हणून लिहीन. बाबा गेले तेव्हासुद्धा मी इतकी हरलेली नव्हते.

वहिनीला सांग की बी उत्तम होती. खोटं बोलताना कान खाजवू नकोस.

तुझी,
शिलान


दारेशीन,
१७ ऑक्टोबर

चि. शिलानला आशीर्वाद, वि. वि.

ट्रकवाल्या साहेबांना अजून काही लिहू नकोस. लिहिलं असशील तर टपालवाल्याच्या मागे पळ आणि पत्र परत आण.

तुझं पत्र चिमनसमोर वाचलं नाही, पण तिने कान खाजवताना पकडलं. मग सगळंच सांगावं लागलं. ती गच्चीवर जाऊन सुकायला ठेवलेला पुदिनासुद्धा गोळा करून आली, जणू त्यानेही काही गुन्हा केला होता. हे झालं बुधवारी. गुरुवारी आम्ही नेहमीप्रमाणे बाबांच्या कबरीवर गेलो. आत्याने हलव्याची परात आणली होती. फातिहा पढून झाल्यावर तिने बाबांचं नाव घेतलं, भाकरीवर हलवा ठेवला आणि पहिला वाटा चिमनच्या हातावर दिला. आणि शिलान, त्याच क्षणी वरच्या ओकावरून एक बी टपकन त्या हलव्यात पडली. अर्धी रुतली.

आता आली का पंचाईत? दान एकदा हातावर पडलं की परत करता येत नाही. आणि राईतलं काही बाहेर नेता येत नाही. चिमन राईच्या दगडी कुंपणाच्या खिंडारात उभी, एक पाय आत, एक पाय बाहेर, तळहातावर भाकरी. बायका जमल्या. एकीचं मत, बी काढून टाक. दुसरी म्हणाली, दानातलं निवडून टाकणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर टाकणं. तिसरी म्हणाली, खाऊन टाक म्हणजे प्रश्नच मिटला. चिमनने खरंच दाताखाली धरली, तशी आत्या ओरडली की पोटुशीने कच्ची ओकबी खाऊ नये, बाळ कडू होईल. वारा सुटला, थंडी वाढली, तरी चिमन हलेना. बिया मारल्याचं तिच्या मनात होतंच. ही मात्र मी टाकणार नाही, असं म्हणाली.

शेवटी आत्यानेच मामोस्तांना बोलावणं धाडलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते इतके घाबरले की बूट उलटसुलट घालून आले. सगळं ऐकून घेतलं, परात पाहिली, झाड पाहिलं, आत्याकडे पाहायचं टाळलं. मग म्हणाले की मेलेल्यांचं उचलणं ही चोरी खरी, पण मेलेल्याच्या नावाने ताटात आलेलं न नेणं हा त्याचा अपमान. पोरीला घरी जाऊ द्या, थंडी वाजतेय तिला.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. ती परत बाबांच्या कबरीपाशी गेली आणि बसली. मी जवळ गेलो तर तिचे डोळे भरलेले, आणि तोंडाने मात्र शिव्या. म्हणाली, मेला जिवंत असताना कधी तोंडाने हाक मारली नाही, नेहमी वरून काहीतरी फेकून मारायचा. आणि आताही तेच. तू आणि तुझी बहीण दोन महिने बोंबलताय, मी ऐकत नव्हते, म्हणून शेवटी त्याने फेकलं.

मग उठली आणि बायकांना सांगितलं की येत्या गुरुवारी प्रत्येकीने आपली परात आणायची, आणि भाकरी गुंडाळायचं मोठं कापडही.

मला पुढचं लिहवत नाही. तूच काय ते समज.

तुझा,
हेमिन


दारेशीन,
२४ ऑक्टोबर

शिलान नावाच्या खारीस,
गुलअंदाम आत्याकडून, तुझा भाऊ लिहितो आहे, मी सांगते आहे.

लिहिणं येत नाही म्हणून मी कधी कुणाला पत्र लिहिलं नाही. आता सत्तरीत हे दिवस आले. हेमिन, मी म्हणते तेच लिही, आपलं घालू नकोस. (घालत नाही. – हेमिन)

काल गुरुवार होता. सगळं गाव राईत होतं, वरची आळी आणि खालची आळीही. प्रत्येक घराने आपापल्या माणसाच्या कबरीवर कापड पसरलं, त्यावर हलवा, खजूर, भाकरी ठेवली. मी ठणकावून सांगितलं होतं की झाडाला हात लावायचा नाही, काठी मारायची नाही, जमिनीवरचं उचलायचं नाही. ते पिराचं. कापडावर मेलेले आपणहून देतील तेवढंच आपलं. मग सगळे फातिहा पढून बसलो. एक पान हलेना. चहा झाला, दुसरा चहा झाला. खालच्या आळीचा कादिर कुजबुजला की आमचे मेलेले कंजूष आहेत. मी म्हटलं, तुझे आहेत, जिवंतपणीही होते. (हे ती खरंच म्हणाली. – हेमिन)

दुपारच्या नमाजानंतर वारा आला. आधी एक, मग दोन, मग गारांसारखा मारा सुरू झाला. बायकांनी डोकी झाकली, पोरं हसत सुटली, मामोस्तांच्या चहात एक पडली. माझ्या आईच्या कबरीवर इतक्या पडल्या की खजूर दिसेनात. जिवंत असताना ती पावण्याला वाढतच राहायची, पोट फुटेपर्यंत. हात मेला तरी सवय जात नाही.

आपल्या रक्ताच्या मेलेल्याचं दान आपण घेऊ नये, सुनेने घेतलं तर चालतं, एरवी ते दुसऱ्या घराला द्यावं, हे तुला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येकाने आपलं कापड उचलून दुसऱ्या घरापुढे धरलं. कादिरच्या घराशी पाण्याच्या पाटावरून मी वीस वर्षं बोलत नव्हते. तो माझ्यापुढे आला, बापाचं नाव घेऊन कापड पुढे केलं. काय करते? पदर पसरला. त्याच्या बापाच्या बिया माझ्यापेक्षा चांगल्या निघाल्या, हेही लिही.

एकही बी गच्चीवर गेलेली नाही. चिमनने मला गोठ्याच्या थंड कोपऱ्यात ओलं शेवाळ अंथरायला लावलं, आणि रोज ती स्वतः बघते. तिच्याकडे जाऊन कुणी उन्हाचं नाव काढलं तर ओरडते.

तेव्हा तुझी पुस्तकं मीट आणि उद्याच्या बसने ये. बादली घेऊन ये. पाण्यात बुडतात की तरंगतात ते माझ्यासमोर बघायचं आहे मला.

जास्त काय सांगू, मायेला काही कमी नाही, फक्त बोलून दाखवायची पद्धत आमच्या घरात नाही.

गुलअंदाम (अंगठा)


सनंदज,
२० नोव्हेंबर

ती. दादा, ती. आत्या, सौ. वहिनी, सर्वांस सलाम, वि. वि.

काल पोचले. अंग अजून दुखतंय आणि नखांतली माती निघत नाही. काढावीशी वाटत नाही.

बादलीत पहिली ओंजळ टाकली तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळ्या बुडाल्या. दगडांसारख्या बुडाल्या! आत्या वाकून बघत होती, आणि एकच वर आली तर तिने ती उचलून कादिरच्या हातावर ठेवली, ही तुझ्याकडची म्हणून. तो हसला, आत्याही हसली, आणि पाटाचं पाणी त्या संध्याकाळी दोन्ही शेतांत गेलं. हे पंचायतीला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

मी कितीतरी ठिकाणी पेरणी पाहिली आहे. मजूर येतात, खड्डे खणतात, जातात. अख्खं गाव डोंगर चढतं आणि प्रत्येक बीबरोबर एकेक नाव घेऊन ती मातीत ठेवतं, हे मी कुठे पाहिलं नव्हतं. वहिनीने ती हलव्यातली बी शेवटपर्यंत मुठीत ठेवली होती. ती तिने माथ्यावर लावली, जिथून खाली आपलं अंगण दिसतं. आता बाबांना डोंगराकडे पाठ करून बसायचं कारण उरलं नाही, असं मनात आलं, आणि मी ते तिथेच मोठ्याने म्हटलंही.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की ठीक आहे, वसंतात येऊन बघतो. पण एक अट घातली. उगवलं तरी पाच-सहा वर्षं शेळीचं तोंड तिथे लागता कामा नये. पुढच्या शरदात रोपं खाल्लेली दिसली तर कुंपण आणि पाइन दोन्ही येणार. दादा, हे मात्र अवघड आहे. शेळीला पीर कळत नाही आणि साहेबही कळत नाही. काहीतरी विचार कर.

सगळ्यांचा लोभ पोत्याने बांधून आणला आहे, तो इथे पुरवून पुरवून खाईन.

तुमची,
शिलान


दारेशीन,
२२ मे १९९८

चि. शिलानला दादाचे, वहिनीचे आणि हेरोचे आशीर्वाद, वि. वि. (हेरो तीन महिन्यांची आहे, पण आशीर्वाद द्यायला काही लागत नाही. पोटासाठी मायफळ उगाळून दिलं की आत्यासारखं तोंड करते.)

उगवले! शिलान, उगवले! बर्फ वितळल्यावर महिनाभर मी रोज जाऊन यायचो आणि चिमनला काही नाही म्हणून सांगायचो. मग एका सकाळी गुडघ्यावर बसलो तर मातीतून लालसर, नखाएवढं काहीतरी वर आलेलं. चार दिवसांत डोंगरभर. माथ्यावरची चिमनची बी सगळ्यांत आधी दोन पानांवर आली. तिने हेरोला वर नेलं आणि रोपाशेजारी निजवलं.

साहेब गेल्या आठवड्यात आले. टोपी काढून डोंगरभर फिरले, बसून पाहिलं, एक रोप उपटणार होते तेवढ्यात आत्या खाकरली. निघताना म्हणाले की पाइनचा ट्रक आता दुसऱ्या जिल्ह्यात पाठवतो. मशिदीत मिठाई वाटली. तुझं नाव घेऊन लोक ओरडत होते, आणि तू तिथे बसून कसल्या तरी बियांची परीक्षा घेत होतीस!

पण लगेच दोन दिवसांनी शेळ्या चढल्या. माझ्याच. एक पट्टा साफ केला. गावात भांडणं सुरू झाली, राखण कोण करणार, कुंपण कशाचं घालायचं, पाच वर्षं कुणाला सवड आहे. मी तर डोक्याला हात लावून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला आणि कादिरला बोलावलं आणि राईच्या कुंपणाबाहेर पडलेला एक लांब दगड डोंगरावर चढवायला लावला. का, ते सांगेना. माथ्यावर, चिमनच्या रोपापासून चार हातांवर, तो उभा करवला. मग गावाला बोलावून सांगितलं.

काय सांगितलं ते आत्याला स्वतःच सांगायचं आहे म्हणते. कागद तिच्यासमोर धरतो आणि लिहितो.

शिलान, ऐक. तुझ्या बापाच्या शेजारची राईतली जागा माझी होती. तो गेला तेव्हाच मी ती दाखवून ठेवली होती. ती मी सोडली. मला डोंगरावर पुरायचं, त्या दगडाखाली. मामोस्तांनी पढून जागा पक्की केली आहे, तेव्हा त्या दिवसापासून सगळा डोंगरच कबरीची जागा झाला, आत कुणी असो वा नसो. आपल्या गावात कबरीच्या जागेत कुणी शेळी सोडत नाही. कुणी काडी मोडत नाही. मोडली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगत आले आहे. काल तुझ्या भावाच्या शेळ्या पायथ्याशी आल्या तर पोरांनीच हाकलल्या, की इथे गुलअंदाम आत्या आहे. मी तेव्हा घरी लोणी काढत होते. तब्येत ठणठणीत आहे, घाई मुळीच नाही. गुरुवारचा हलवा आता अर्धा राईत आणि अर्धा डोंगरावर वाटते. पहिला हलवा माझ्या नावाने वाटला आणि मीच खाल्ला, गोड झाला होता.

राईत जाऊन तुझ्या बापालाही सांगून आले की माझी वाट बघू नकोस. काही फेकायचंच असेल तर डोंगराकडे फेक.

गुलअंदाम (अंगठा)